माया

काळाचौकीला माझं दुकान, सहा बाय आठ,
भिंतीला भिंत लागून मंडळाची व्यायामशाळा.
संध्याकाळी पलीकडे लोखंड पडतं
आणि माझ्या डबीतल्या टाचण्या शहारतात.

तोडणकरांच्या दोघी मुली तिथं जातात.
थोरली शलाका, धाकटी मृण्मयी.
फ्रॉकपासून मापं घेतोय मी त्यांची.

शलाका जड उचलते.
पाचच वेळा. मग पंख्याखाली बसून राहते तीन-चार मिनिटं,
मध्ये कुणी बोललं तर नुसती भुवई वर.
मृण्मयीचा खांदा एकदा निखळलाय, कबड्डीत.
ती हलकं घेते, चार किलोचं,
आणि मोजत राहते, वीस, बावीस, सत्तावीस.
एकोणतिसाव्याला हात थरथरतो, तोंड वाकडं होतं,
तिसावं अर्ध्यात अडकतं.
"तिथंच थांबायचं, काका," म्हणाली,
"त्याआधी खाली ठेवलं तर नुसता वारा घातला."

चुलतभावाच्या हळदीला गेल्या वर्षीचे ब्लाउज
घेऊन आल्या दोघी. दंडात घट्ट.
टेप लावली. थोरलीची बाही अर्धा इंच कमी पडत होती.
धाकटीचीही अर्धाच.
चष्मा पुसून पुन्हा लावली.
अर्धाच.

टेपला कुठं कळतं
कुणी धोंडा उचलला
आणि कुणी वाटीवाटीनं विहीर उपसली.
मांसाला पुरतं दमायचं असतं,
कशानं, हे ते विचारत नसावं.

"मग तू कशाला एवढं ओझं घेतेस गं?"
शलाका हसली, उत्तर दिलं नाही.
मी बाह्या उसवायला घेतल्या.
आत माया ठेवतो मी नेहमी, पाऊण इंच.
बाप सांगायचा, कापड थांबतं रे,
माणूस थांबत नाही.

उत्तर मिळालं मार्चअखेरीला.
फरशी बदलायची होती,
कोपऱ्यात बापाची ताडपत्री शिवायची मशीन,
बिडाचं धूड, टेबलासकट.
मृण्मयी आधी वाकली, हौसेनं.
दंड तर तेवढाच, इंचाला इंच.
मशीन जरा कुरकुरली,
जागची हलली नाही.
मग शलाका. पाय रोवले,
पाठ फळीसारखी केली, श्वास पोटात कोंडला,
आणि पस्तीस वर्षं बसून राहिलेली ती म्हातारी
खाली तेलाचा काळा चौकोन सोडून
उठली.

दारात उभा चहावाला पोरगा कप धरायचं विसरला.
"तिची ओळख आहे जडाशी," धाकटी म्हणाली.
असूयेनं नाही, असं मला वाटलं.
थोडी असेलही.
पण खरंच होतं ते. जडाशी रोज बोलावं लागतं,
तेव्हा कुठं एखाद दिवशी ते ऐकतं.

मी त्रेसष्टचा.
डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचला, कसलंही,
नाहीतर उद्या कात्रीही जड होईल.
मी मृण्मयीकडे गेलो. दीड किलोचे डंबेल,
गुलाबी रंगाचे, त्यातल्या त्यात लाज वाटणारे.
अठराव्याला अडकलो.
आठ किलोची कोळशाची इस्त्री फिरवली मी उभा जन्म,
ती कपड्यावर सरकायची,
कपड्यावरून उचलून कुणी धरली होती?

दिवाळीच्या आदल्या रात्री
बायकोनं माझ्या दंडाला टेप लावली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
"उलटी धरलीस," मी म्हटलं.
तिनं सुलटी केली, दिव्याखाली नेलं मला,
दोनदा पाहून म्हणाली, एक सूत.

एक सूत!
खुंटीवरचा माझा शर्ट काढला,
गिऱ्हाइकाच्या उरल्या कापडाचा, मीच शिवलेला,
बाही उलटी करून पाहिली.

आत माया ठेवलीच नव्हती.